हस्त, चित्रा, स्वाती: पुण्यातल्या बागेची ऑक्टोबरातली कामं

गुलाब दसऱ्याला छाटायचा, असं पुण्यात वर्षानुवर्षं सांगितलं जातं. सल्ला चुकीचा नाही, पण दसरा एका जागी थांबत नाही. २०२३ साली तो २४ ऑक्टोबरला आला, २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरला आणि २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला. म्हणजे बावीस दिवसांचा फरक. २४ तारखेला पुण्याची हवा कोरडी झालेली असते, पहाटे पंखा नकोसा वाटायला लागतो. २ तारखेला परतीचा पाऊस अजून डोक्यावर असतो. त्या पावसात छाटलेल्या फांदीच्या कापावर पाणी बसतं आणि फांदी टोकाकडून काळी पडत खाली येते.

म्हणून बागेच्या कामांना सण धरू नयेत, सूर्याची नक्षत्रं, म्हणजे सूर्य ज्या नक्षत्रात असतो ती, धरावीत. शेतकरी पेरण्या त्यांवरच मोजत आले आहेत. हस्त २७ सप्टेंबरच्या सुमारास लागतं, चित्रा १० ऑक्टोबरच्या आणि स्वाती २४ ऑक्टोबरच्या. एखादा दिवस इकडेतिकडे होतो, बाकी तारखा दर वर्षी त्याच. घरातल्या दिनदर्शिकेवर त्या छापलेल्या असतात. हस्तात माती, चित्रात छाटणी, स्वातीत नाजूक पेरणी, एवढा क्रम सांभाळला तरी हिवाळ्याची बाग उभी राहते.

इंटरनेटवर शरद ऋतूतली बागकामं शोधली की पानं गोळा करा, बाग झाकून ठेवा, हत्यारं धुऊन आत ठेवा अशा याद्या मिळतात. त्या बर्फ पडणाऱ्या मुलखांसाठी आहेत. आपल्याकडे शरदात पानगळ होत नाही, ती शिशिरात, जानेवारी-फेब्रुवारीत होते. पुण्यात ऑक्टोबर म्हणजे हंगामाची सुरुवात. मेथी, मुळा, टोमॅटो, शेवंती, पिटुनिया, गुलाब, यांना जी गार रात्र आणि स्वच्छ ऊन लागतं ते आता पुढचे चार महिने मिळणार आहे. आता वाया गेलेले पंधरा दिवस डिसेंबरात भरून निघत नाहीत, कारण थंडीत वाढ मंदावते.

हस्त: आधी माती

चार महिन्यांच्या पावसाने कुंडीतल्या मातीचं दोन प्रकारे नुकसान होतं. थेंबांच्या माऱ्याने ती दबून घट्ट होते आणि पाण्याबरोबर नत्र वाहून जातं. वरून कुंडी भरलेली दिसते, पण खुरपं घातलं की दोन इंचांखाली वीट लागल्यासारखं वाटतं. अशा कुंडीत वरून कितीही खत टाकलं तरी ते मुळांपर्यंत जात नाही.

तपासायची सोपी रीत आहे. १२ इंची कुंडीत झारीने सावकाश एक लिटर पाणी घाला. मिनिटभरात पाणी मुरलं आणि थोड्या वेळात बुडाच्या भोकातून थेंब यायला लागले तर माती ठीक. पाणी वर डबक्यासारखं साचून राहिलं तर भोक बुजलंय किंवा माती दबलीय. आधी कुंडी आडवी करून भोकात जाड तार किंवा स्क्रू-ड्रायव्हर घालून पाहावं. पुष्कळदा तिथे मुळांची जाळी आणि गाळ यांचं बूच बसलेलं असतं, आणि ते निघालं की काम भागतं.

नाही भागलं तर माती बदलायची. आदल्या दिवशी पाणी देऊ नये, म्हणजे गोळा अखंड निघतो. कुंडी उलटी करून कडेवर तळहाताने ठोकली की झाड मातीसकट बाहेर येतं. बाहेरून गुंडाळलेल्या मुळांचा इंच-दीड इंच थर चाकूने खरवडून काढावा, काळी आणि बुळबुळीत मुळं कापून टाकावीत, पांढरी ठेवावीत. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त मुळं कापू नयेत. जेवढी मुळं गेली त्या प्रमाणात वरचा शेंडाही थोडा उतरवावा, नाहीतर उरलेली मुळं एवढ्या पानांना पाणी पुरवू शकत नाहीत आणि झाड ओल्या मातीतही माना टाकतं.

नव्या मिश्रणाचं माप असं: चार घमेली वाळवलेली जुनी माती, तीन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा घरचं कंपोस्ट, दोन घमेली भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक घमेलं जाड वाळू किंवा भाताचं तूस. शिवाय प्रत्येक १२ इंची कुंडीमागे ५० ग्रॅम, म्हणजे मूठभर, निंबोळी पेंड. जुनी माती फेकून देऊ नये. ती प्लॅस्टिकवर दोन इंच जाडीत पसरून चार-पाच दिवस उन्हात ठेवावी, रोज एकदा परतावी. पुण्यातलं ऑक्टोबरचं ऊन या कामाला उत्तम. पाऊस आला तर ताडपत्री ओढायची तयारी मात्र हवी, कारण हत्तीचा, म्हणजे हस्ताचा, पाऊस सांगून येत नाही.

कोकोपीटची वीट आधी पाण्यात फुगवून दोनदा पिळून धुवावी, म्हणजे त्यातला खार निघून जातो. न धुता वापरलेल्या कोकोपीटात रोपांच्या पानांच्या कडा करपतात आणि लोक पाणी कमी पडलं असं समजून आणखी पाणी घालत राहतात.

शेणखत विकत आणलं असेल तर ते चाळल्याशिवाय कुंडीत घालू नये. त्यात हुमणी असते. करंगळीएवढी जाड, मळकट पांढरी, तपकिरी डोक्याची अळी. हातावर घेतली की इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळून पडून राहते. मागचा भाग आतल्या मातीमुळे काळसर दिसतो. ही मुळं खाते. झाड वरून हिरवंगार असतं, एक दिवस पाणी दिलेलं असूनही सुकतं आणि हलकेच ओढलं तर हातात येतं. एका कुंडीत दोन-तीन हुमण्या असल्या तरी टोमॅटोचं किंवा शेवंतीचं रोप जातं. अर्ध्या इंचाच्या जाळीतून खत चाळलं की जवळजवळ सगळ्या वेचता येतात. कंपोस्टच्या डब्यात मात्र ज्या राखाडी, चपट्या, वळवळणाऱ्या अळ्या दिसतात त्या वेगळ्या माशीच्या. त्या ओला कचरा खातात, जिवंत मुळांना हात लावत नाहीत. त्यांना मारू नका.

याच पंधरवड्यात गोगलगायी शोधायच्या. मोठ्या तपकिरी शंखाच्या आफ्रिकन गोगलगायी पावसाळ्यात पुण्यातल्या सोसायट्यांच्या बागा फस्त करतात, आणि हवा कोरडी झाली की कुंड्यांच्या बुडाशी, विटांच्या फटीत, पालापाचोळ्याखाली शंखाचं तोंड पांढरट पडद्याने बंद करून पडून राहतात. पुढच्या जूनपर्यंत त्या तशाच जगतात. त्यामुळे आता वेचलेली एक गोगलगाय म्हणजे पुढच्या पावसाळ्यातली शेकडो अंडी वाचली. प्रत्येक कुंडी उचलून बघा. ओल्या मातीत साबुदाण्याएवढी पिवळसर अंडी पुंजक्याने सापडतात, तीही काढा. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट बागेत पसरलं की सकाळी त्याखाली जमलेल्या मिळतात. हातमोजे घालूनच उचला, कारण त्यांच्या अंगावर माणसाला बाधणारे परजीवी असू शकतात. मीठ घातलेल्या पाण्याच्या बादलीत टाकल्या की काम संपतं. मातीवर मीठ टाकू नका. गोगलगाय मरेल, पण ती माती पुढे कशाच्याही उपयोगाची राहणार नाही.

गाजर गवत फुलावर यायच्या आत उपटायचं, तेही मोजे घालून. लव्हाळा उपटण्यात अर्थ नाही, गाठी खालीच राहतात. खुरप्याने खणून सुपारीसारखी काळी गाठ हाती लागेपर्यंत जावं लागतं.

ऊन कुठे सरकलं ते बघा

ही गोष्ट फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आवर्जून समजून घ्यावी. पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. २३ सप्टेंबरनंतर सूर्य दक्षिणेकडे झुकत जातो. सप्टेंबरअखेर भर दुपारी तो क्षितिजापासून सुमारे ६९ अंशांवर असतो, २२ डिसेंबरच्या सुमारास फक्त ४८ अंशांवर. गच्चीच्या दक्षिण बाजूला तीन फुटी कठडा असेल तर सप्टेंबरअखेर दुपारी त्याची सावली फूटभर पडते, डिसेंबरात ती पावणेतीन फुटांवर जाते. म्हणजे कठड्यापासून दोन फुटांवर जमिनीवर ठेवलेली मेथीची पेटी दिवाळीपर्यंत उन्हात असते आणि डिसेंबरात भर दुपारीही सावलीत जाते. आताच ती विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर दोन फूट उंच करा, नाहीतर कठड्यापासून तीन फूट मागे घ्या.

उत्तरेच्या बाल्कनीत मे ते जुलैत जे थोडं ऊन येतं ते आता मार्चअखेरपर्यंत येणार नाही. तिथे टोमॅटो किंवा शेवंतीचा हट्ट धरू नये; मनी प्लँट, सिंगोनियम, नेचे हीच तिथली झाडं. दक्षिणेच्या बाल्कनीचा मात्र हा राजेशाही हंगाम आहे. सूर्य खाली उतरतो तसं ऊन आत आत येतं, आणि जी बाल्कनी मे महिन्यात अंधारी वाटत होती तीत पाच-सहा तास ऊन मिळतं. भाजीपाला तिथेच.

चित्रा: कात्री

चित्रा लागल्यावरही लगेच सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, हातात घेऊ नका. सलग चार-पाच दिवस कोरडे जाऊ द्या आणि पुढच्या चार दिवसांचा अंदाज बघा. मगच गुलाब.

मोठ्या फुलाच्या गुलाबांना, ज्यांना नर्सरीत हायब्रीड टी म्हणतात, गुडघ्याएवढ्या उंचीवर, साधारण ३५ ते ४५ सेंटिमीटरवर, उतरवायचं. सगळ्यात आधी वाळलेल्या फांद्या म्हणजे सल काढायची. मग एकमेकींना घासणाऱ्या आणि पेन्सिलीहून बारीक फांद्या. शेवटी चार ते सहा जोमदार फांद्या राहिल्या पाहिजेत, मधोमध मोकळी, वाटीसारखी. कलमाच्या गाठीखालून आलेला फुटवा हा मूळ खुंटाचा, जंगली गुलाबाचा असतो. तो वरून कापला तर दुप्पट जोमाने येतो. माती उकरून जिथून निघालाय तिथून ओढून काढावा. पुष्कळ घरी ‘आमच्या गुलाबाला फुलंच येत नाहीत’ अशी तक्रार असते. त्याचं कारण बहुतेकदा हेच, की कलम केव्हाच मेलेलं असतं आणि खुंट वाढवत बसलेलो असतो.

काप कसा घ्यावा? फांदीवर पान जिथे जोडलं होतं तिथे लालसर उंचवटा दिसतो, तो डोळा. झुडपाच्या बाहेर तोंड असलेला डोळा निवडायचा आणि त्याच्या वर पाव इंच अंतर सोडून तिरका काप घ्यायचा, उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे पाणी डोळ्यावर ओघळणार नाही. डोळ्याच्या फार वर कापलं तर तो खुंटा वाळतो आणि वाळवण खाली उतरते. फार जवळ कापलं तर डोळाच मरतो. कापलेल्या जागी आत पाहा: गाभा पांढरा किंवा फिकट हिरवा असेल तर ठीक, तपकिरी असेल तर आणखी खालच्या डोळ्यावर कापत जा, पांढरा गाभा दिसेपर्यंत. हे करताना उंचीचा विचार करू नका. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना सिकेटरची पाती स्पिरिटने पुसा.

कापांवर बोर्डो पेस्ट लावावी. घरगुती माप: २५ ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), २५ ग्रॅम कळीचा चुना, पाव लिटर पाणी. निम्म्या पाण्यात मोरचूद, निम्म्यात चुना, दोन्ही वेगवेगळे प्लॅस्टिकच्या भांड्यांत विरघळवायचे आणि मग एकत्र ओतत ढवळायचे. धातूचं भांडं चालत नाही. झालेल्या आकाशी मिश्रणात घासलेलं लोखंडी पातं मिनिटभर बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं राहिलंय आणि ते साल जाळेल. थोडी चुन्याची निवळी वाढवून पुन्हा पातं बुडवा. थर चढला नाही की पेस्ट तयार. त्याच दिवशी वापरायची, उरलेली ठेवायची नाही. मोरचूद विषारी आहे, मुलांच्या हाताला लागू नये. एवढा खटाटोप नको असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइडची चिमूट पाण्यात दाटसर कालवून ब्रशने लावली तरी चालते.

छाटणीनंतर १२ इंची कुंडीला दोन मुठी गांडूळखत, दोन चमचे बोनमील (हाडांचा चुरा), मूठभर निंबोळी पेंड, वरची दोन इंच माती हलवून. पानं नसल्यामुळे पाणी कमी लागतं हे विसरू नका. रोज घालाल तर मुळं कुजतील. लालसर कोंब फुटले की पाणी आणि पातळ खत वाढवायचं. छाटणीपासून फुलापर्यंत साधारण ४५ ते ५० दिवस लागतात. १५ ऑक्टोबरला छाटलेला गुलाब डिसेंबरच्या सुरुवातीला फुलतो. सगळी झाडं एका दिवशी छाटण्यापेक्षा दहा-दहा दिवसांच्या अंतराने तीन गटांत छाटली तर फुलं महिनाभर टिकतात. एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनात ज्यांना आपलं फूल न्यायचं असतं ते प्रदर्शनाच्या तारखेवरून दिवस उलटे मोजून कात्री लावतात.

बोगनवेल आता छाटावी आणि नंतर पाण्याचा ताण द्यावा. पानं किंचित मलूल झाल्याशिवाय पाणी नाही. लाड केलेली बोगनवेल नुसती पानं देते. जास्वंदीची हलकी छाटणी चालेल, पण आधी शेंड्यांवर पिठ्या ढेकूण आहे का बघा; असेल तर तो शेंडा कापून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. कढीपत्ता छाटायचा असेल तर ऑक्टोबरातच. नोव्हेंबरअखेर छाटलात तर फेब्रुवारीपर्यंत नुसती काटकी बघत बसावं लागेल, थंडीत तो फुटत नाही. लिंबाचे उभे, जाड, काटेरी पाणसोट मुळापासून काढावेत, ते फळ देत नाहीत.

कात्री कुठे लावायची नाही हेही सांगायला हवं. प्राजक्त आता बहरात आहे, त्याला सोडा. मोगऱ्याची छाटणी डिसेंबर-जानेवारीत, पाणी तोडून. अडेनियम फेब्रुवारीनंतर. आंब्याला आता नत्राचं खत देऊ नका आणि पाणीही हळूहळू आखडतं घ्या. ऑक्टोबरात कोवळी पालवी फुटली की त्या फांदीवर हिवाळ्यात मोहोर येण्याची शक्यता फार कमी.

स्वाती: बी

ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दुपारचं तापमान ३२-३३ अंशांवर जातं. मेथी, मुळा, पालक, चवळई हे त्यातही उगवतात, त्यांना चित्रातच पेरा. कोथिंबीर, गाजर, वाटाणा, लेट्यूस यांना मात्र स्वातीपर्यंत थांबवावं. उन्हात पेरलेली कोथिंबीर विरळ उगवते आणि वीतभर व्हायच्या आत फुलावर येते.

मागच्या वर्षीचं बी असेल तर आधी तपासा. घटस्थापनेला आपण पत्रावळीवर माती पसरून धान पेरतो आणि नऊ दिवसांत कसं उगवलं ते बघतो. बियाण्याची ती चांगली परीक्षा आहे. तशीच दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. सात किंवा जास्त उगवल्या तर बी चांगलं, चार ते सहा उगवल्या तर दुप्पट पेरा, त्याखाली असेल तर नवं आणा. मार्केट यार्डात सुटं बी चांगलं मिळतं. मेथी आणि धने स्वयंपाकघरातलेही चालतात.

मेथीसाठी मंडईत फळं येतात तो जाळीचा क्रेट घ्या. आतून गोणपाट लावा, सहा इंच मिश्रण भरा, साधारण २५ ग्रॅम मेथीदाणे रात्रभर भिजवून सारखे पसरा, वर एक सेंटिमीटर बारीक कंपोस्ट. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगवते, २५ ते ३० दिवसांत जुडीएवढी होते. जमिनीपासून दोन इंच सोडून कापली तर पुन्हा एकदा फुटते, दुसऱ्या खेपेला पान जरा लहान असतं. दर आठ-दहा दिवसांनी एक क्रेट पेरला तर चार क्रेटमध्ये घराला सगळा हिवाळा मेथी पुरते.

धने आख्खे पेरू नका. फडक्यात ठेवून लाटण्याने हलके दाबत त्याचे दोन भाग करा, भुगा होऊ देऊ नका, बारा तास भिजवा आणि एक सेंटिमीटर खोल पेरा. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात. पाचव्या दिवशी धीर सोडून उकरून बघणं हे कोथिंबीर न येण्याचं मोठं कारण आहे. दुसरं कारण मुंग्या, आणि तिसरं कबुतरं. पुण्यात कबुतरांपासून वाचवायला पेरल्या दिवसापासून जाळी लागतेच. उगवल्यावर घालून उपयोग नसतो.

लसणाच्या बाहेरच्या जाड पाकळ्या, टोक वर करून, इंचभर खोल आणि तीन-चार इंचांवर लावा. गड्डा नाही जमला तरी पात नक्की मिळते. मुळा-गाजर जिथे पेराल तिथेच वाढवायचं. रोप उचलून लावलं की मूळ दोन शेंगांसारखं फाटतं. गाजराला किमान एक फूट खोल आणि खडे नसलेली माती हवी.

टोमॅटोचं रोप चार-पाच पानांवर आलं की संध्याकाळी लावा, खालची पानं खुडून देठ निम्मा मातीत जाऊ द्या. पुरलेल्या देठालाही मुळं फुटतात. कुंडी निदान १२ इंची. आधाराची काठी लावणीच्याच दिवशी रोवा, नंतर रोवली तर मुळं तुटतात. फळाचं बूड काळं, चामड्यासारखं पडतं तेव्हा लोक चुना शोधायला धावतात. पुण्याच्या मातीत चुना कमी नसतो. एक दिवस कोरडं, एक दिवस तुडुंब असं पाणी दिल्यामुळे कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. पाणी रोज सारखं करा, पुढची फळं नीट येतात. कोबी-फ्लॉवर कुंडीत करता येतात, पण एका गड्ड्यासाठी एक मोठी कुंडी तीन महिने अडते. तेवढ्या जागेत पालकाच्या चार कापण्या होतात.

फुलझाडांत पिटुनिया, डायअँथस, फ्लॉक्स, कॅलेंड्युला, अँटिरायनम यांचं बी आता टाकावं. पिटुनियाचं बी धुळीसारखं असतं; चमचाभर बारीक वाळूत मिसळून पसरा आणि वर माती घालू नका, त्याला उगवायला उजेड लागतो. झारीने पाणी घातलं तर बी वाहून कोपऱ्यात जमतं, म्हणून ट्रे पाण्यात ठेवून खालून ओल चढू द्यावी. रोपं देठापाशी बारीक होऊन आडवी पडायला लागली तर तो मर रोग आहे. पाणी आखडा, वारा लागेल असं ठेवा, लिटरला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी घालून ते पाणी मुळाशी ओता. आडवं पडलेलं रोप वाचत नाही, शेजारचं वाचतं.

तयार रोपं उरुळी कांचनच्या बाजूच्या नर्सऱ्यांतून येतात ती बहुतेक चिकण मातीच्या घट्ट गोळ्यात असतात. तो गोळा तसाच हलक्या मिश्रणात ठेवला तर पाणी भोवतालच्या मातीतून निघून जातं आणि गोळा आत कोरडाच राहतो. लावण्याआधी अर्धा तास बादलीत भिजवा आणि बाहेरची एक तृतीयांश माती बोटांनी सोडवून घ्या.

पाणी आणि रात्रीचा उजेड

ऑक्टोबरात उन्हातल्या १२ इंची कुंडीला रोज लिटर-दीड लिटर लागू शकतं, डिसेंबरात तीच कुंडी दोन-तीन दिवस थांबते. तारखेवर विसंबू नका, बोट दोन इंच आत घालून बघा. कोकोपीट जास्त असलेली कुंडी एकदा पूर्ण वाळली की पाणी धरत नाही. वरून घातलेलं कडेने सरळ खाली निघून जातं आणि आपल्याला वाटतं की भिजली. कुंडी उचलून बघा. हलकी लागली तर वीस मिनिटं टबात बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की काढा. वर इंच-दोन इंच पालापाचोळा किंवा उसाचं पाचट पसरलं की ही वेळ येत नाही.

कोरड्या हवेत लाल कोळी वाढतो. पान वरून राखाडी ठिपक्यांचं दिसतं, खाली बारीक जाळं. सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा तीन दिवस मारला की पुष्कळ आटोक्यात येतो. मावा आणि पांढऱ्या माशीसाठी लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि १-२ मिली द्रव साबण, संध्याकाळी. दुपारी फवारलं तर पान भाजतं. शेवंतीच्या कळ्यांच्या देठांवर काळा मावा येतो, त्याच्याकडे रोज लक्ष हवं. कळी उमलल्यावर फवारणी करता येत नाही.

शेवंती आणि पॉइनसेटिया रात्रीच्या लांबीवर फुलतात. दिवस लहान होत जातात तशा त्यांना कळ्या धरतात. शेजारी रस्त्याचा दिवा, वॉचमनची ट्यूब किंवा बाल्कनीतला रात्रभर जळणारा बल्ब असेल तर झाडाला रात्र कळतच नाही. झाड उत्तम वाढतं, हिरवंगार असतं आणि कळी काही येत नाही. अशी कुंडी खताने सुधारत नाही, जागा बदलावी लागते. पॉइनसेटिया नाताळात लाल हवा असेल तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून आठ आठवडे, संध्याकाळी पाच ते सकाळी आठ, त्यावर पुठ्ठ्याचं खोकं उलटं घाला आणि दिवसा भरपूर ऊन द्या. रात्री वरचेवर चुकल्या तर पानं हिरवीच राहतात.

कॅलेडियमची पानं आता लोळायला लागतील. तो रोग नाही, झोपेची वेळ आहे. पाणी कमी करत नोव्हेंबरअखेर बंद करा आणि कंद कुंडीतच कोरडे ठेवा. हळदीची पानं अजून हिरवी असतील, ती जानेवारीच्या आसपास पिवळी पडून आडवी झाल्याशिवाय काढू नका.

तुळशीच्या लग्नाआधी वृंदावन गेरू-चुन्याने रंगवलं जातं, तेव्हाच वरची दोन इंच माती बदलून मूठभर गांडूळखत घाला आणि वाळलेल्या मंजिऱ्या खुडा. काही मंजिऱ्या बियांसाठी ठेवा, कारण थंडीत जुनी तुळस पानं गाळते आणि फेब्रुवारीत नवं रोप लागतं. पूजेचं दूध, हळद-कुंकू आणि तेल बुंध्याशी पडतं त्याने वर एक चिकट थर बसतो आणि पाणी मुरत नाही. लग्न लागलं की दुसऱ्या दिवशी तो थर खुरप्याने हलकेच काढून टाका. पणती बुंध्यापासून वीतभर लांब ठेवा. पानं वर हिरवी असताना एका बाजूची साल भाजून गेलेली आठवडाभराने लक्षात येते.